मधल्या वॉर्डातली फिरती नर्स

लोधीखेड्यात रात्री कोणाच्या छातीत कळ आली, की शेजारीपाजारी गोळा होतात, गाडीची शोधाशोध सुरू होते आणि एखादं जाणतं माणूस म्हणतं, “नागपूरले घेऊन चाला.” गाव मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात आहे. जिल्हा आधी छिंदवाडा होता, ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा झाला. राजधानी भोपाळ. आजारपणात मात्र गाडी दक्षिणेकडे वळते. सातनूरची सीमा ओलांडली की सावनेर आणि सावनेरनंतर नागपूर, सगळं मिळून साठ-पासष्ट किलोमीटर. भोपाळ त्याच्या चौपटीहून दूर. त्यामुळे ‘मेडिकल’, ‘मेयो’ आणि आता ‘एम्स’ ही नागपूरच्या रुग्णालयांची नावं सौंसर-पांढुर्ण्याच्या घराघरांत आपल्या गावच्या दवाखान्याइतकीच सवयीची झाली आहेत.

नागपुरात अँजिओप्लास्टी होते, पेशंट दोन दिवस आयसीयूत राहतो. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना तिसऱ्या दिवशी निरोप येतो, “पेशंटला शिफ्ट करतोय.” घरच्यांच्या जिवात जीव येतो. संकट टळलं, आता दोन दिवसांत घरी, असा सगळ्यांचा समज होतो. वैद्यकीयदृष्ट्या मात्र याच टप्प्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. पेशंटला आता व्हेंटिलेटर लागत नाही, पण त्याच्या हृदयाची लय कधीही बिघडू शकते. रक्तदाब सावरलेला असतो, तोही चालू ड्रिपच्या जोरावर. आयसीयूतली एका पेशंटला एक नर्स ही सोय संपलेली असते आणि जनरल वॉर्डात इतकं बारीक लक्ष कोणी देऊ शकत नाही.

या मधल्या अवस्थेसाठी मोठ्या रुग्णालयांत वेगळा विभाग असतो. आपल्याकडे त्याला एचडीयू किंवा स्टेप-डाउन म्हणतात, अमेरिकेत प्रोग्रेसिव्ह केअर युनिट, थोडक्यात पीसीयू. तिथल्या पीसीयूंमध्ये गेली अनेक वर्षं एका खास प्रकारच्या नर्स काम करतात. त्या त्या रुग्णालयाच्या कायम नोकर नसतात. तेरा आठवड्यांच्या करारावर येतात, करार संपला की दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या राज्यात जातात. त्यांना ट्रॅव्हल नर्स म्हणतात. मधला वॉर्ड आणि फिरती नर्स, या दोन्ही गोष्टी सौंसरच्या पट्ट्याला लागू पडतात. त्या नीट समजून घेतल्या तर इथल्या पेशंटचं काय चुकतं आणि काय बरं करता येईल, हे दोन्ही दिसू लागतं.

मधल्या वॉर्डाची गरज का पडली, याचं उत्तर १९९० मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सापडतं. मायामीच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या वॉर्डांत हृदय अचानक बंद पडलेल्या ६४ पेशंटच्या नोंदी डॉक्टरांनी मागे जाऊन तपासल्या. त्यांतल्या ८४ टक्के पेशंटमध्ये आधीच्या आठ तासांत बिघाडाची चिन्हं किंवा नवी तक्रार लिहिलेली होती. श्वास वाढला होता, कोणी गोंधळल्यासारखं बोलत होतं, कोणी अस्वस्थ होतं. ‘अचानक गेला’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा शरीराने काही तास आधी इशारा दिलेला असतो. तो वाचणारं कोणी खाटेजवळ असावं लागतं, आणि त्याच्या हाताशी वेळही असावा लागतो.

अमेरिकेत या दिशेने पहिलं व्यवस्थित पाऊल १९५७ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या मँचेस्टर मेमोरियल हॉस्पिटलने टाकलं. तोवर रुग्णालयांची विभागणी रोगांप्रमाणे, स्त्री-पुरुषांप्रमाणे किंवा पैशांप्रमाणे व्हायची. पुरुषांचा वॉर्ड, शस्त्रक्रियेचा वॉर्ड, खासगी खोल्या, अशी. मँचेस्टरने ती काळजीच्या गरजेप्रमाणे केली. सर्वांत गंभीर पेशंट एका जागी, मध्यम गरजेचे दुसरीकडे, स्वतःचं स्वतः करू शकणारे तिसरीकडे. पेशंट सुधारत जाईल तसा एका विभागातून पुढच्या विभागात जायचा. ‘प्रोग्रेसिव्ह’ हा शब्द तिथून आला. पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, कॅन्सास सिटीच्या बेथनी हॉस्पिटलमध्ये डॉ. ह्यूज डे यांनी हृदयरोग्यांसाठी स्वतंत्र कोरोनरी केअर युनिट उभारलं. अशा युनिटांनी नर्सच्या कामाची व्याख्या बदलली. पडद्यावरची लय नर्सनेच वाचायची, आणि जीवघेणी लय दिसली तर डॉक्टरची वाट न पाहता शॉकही तिनेच द्यायचा, ही पद्धत तिथून रुजली. त्याआधी ईसीजी वाचणं हे डॉक्टरचंच काम मानलं जायचं. पुढे अंगाला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून बिनतारी संदेशाने पेशंटची लय दूरच्या पडद्यावर दिसू लागली. याला टेलिमेट्री म्हणतात. त्यामुळे पेशंटला खाटेला बांधून न ठेवता, चालता-फिरता ठेवूनही त्याच्यावर नजर ठेवता येऊ लागली. गरजेप्रमाणे विभागणी आणि लयीवर सतत नजर, या दोन धाग्यांतून आजचा पीसीयू विणला गेला. २००४ मध्ये तर क्रिटिकल केअर नर्सच्या अमेरिकन संघटनेने या मधल्या वॉर्डातल्या नर्ससाठी पीसीसीएन हे वेगळं प्रमाणपत्रच सुरू केलं.

या वॉर्डात कोण असतं? अँजिओप्लास्टी होऊन आलेले किंवा तिची वाट पाहणारे. ठोके अनियमित होऊन मिनिटाला दीडशेच्या घरात गेलेले. हृदय कमकुवत होऊन पायांत आणि फुप्फुसात पाणी साठलेले. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या झटक्यात बायपॅपचा मास्क लागलेले. पोटातून रक्तस्राव होऊन गेलेले, जंतुसंसर्गातून सावरणारे, पक्षाघाताचे पहिले चोवीस तास पार केलेले. एकाला सुधारतोय म्हणावं तर शेजारचा बिघडत असतो. एका नर्सकडे असे तीन किंवा चार पेशंट असतात, आणि त्यांतला कोणता आज दगा देणार हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही.

हृदय कमकुवत झालेल्या पेशंटचं उदाहरण घेऊ. सकाळी नाश्त्याआधी, त्याच वजनकाट्यावर, तशाच हलक्या कपड्यांत त्याचं वजन घेतलं जातं. रात्रीतून एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर पाणी अंगातून गेलं, असा हिशोब. त्यासाठी शिरेतून लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड चालू असतं, लघवी मापाच्या भांड्यात मोजली जाते आणि प्यायलेल्या पाण्याची नोंद ठेवली जाते. नातेवाइकांना हे अति वाटतं. आजोबांना चार घोट जास्त पाजले तर काय बिघडलं, असं त्यांना वाटतं. पण लघवीवाटे पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. रक्तातलं पोटॅशियम साडेतीनच्या खाली उतरलं की हृदयात अवेळी ठोके पडू लागतात. पडद्यावर अधूनमधून एक रुंद, वेडावाकडा ठोका दिसतो, मग लागोपाठ दोन. जाणती नर्स तेवढ्यावर सकाळचा रक्ताचा रिपोर्ट उघडते, डॉक्टरला फोन करते, पोटॅशियम सुरू होतं, आणि दुपारी काहीच घडत नाही. असं काहीच न घडणं हेच तिच्या कामाचं फळ. ते कुठल्याही डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं.

जांघेतून अँजिओग्राफी झालेल्या पेशंटची गोष्ट वेगळी. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी नर्स जांघ दाबून पाहते, पायाची नाडी तपासते, पाऊल गार पडलंय का ते बघते. वरून सगळं कोरडं दिसलं तरी ती कंबरेखाली हात घालते, कारण रक्त उताराकडे वाहतं आणि अंथरुणात मुरतं. कधी ते बाहेर येतच नाही, पोटामागच्या पोकळीत साठत राहतं. मग पेशंट फक्त “पाठ दुखते” म्हणतो. रक्तदाब हळूहळू उतरू लागतो, नाडी वाढू लागते. सरळ झोपून पाठ आखडली असेल, असं कोणालाही वाटावं. दोन्ही गोष्टी एकत्र जोडणारी नर्स मात्र त्याच क्षणी डॉक्टरला बोलावते.

याच्या उलट प्रसंगही रोज येतात. पडद्यावर जीवघेणी लय उमटते, अलार्म किंचाळतो, नर्स धावत जाते आणि बघते तर पेशंट निवांत दात घासत असतो. हाताच्या हालचालीने इलेक्ट्रोड हलतात आणि ईसीजीची रेषा हुबेहूब धोकादायक लयीसारखी दिसते. असे खोटे अलार्म दिवसभरात इतके वाजतात की कान बधिर होऊन खरा अलार्म सुटण्याची भीती असते. म्हणून पीसीयूतली नर्स पडद्यापेक्षा पेशंटकडे आधी बघते. त्याचा रंग, त्याचा श्वास, तो बोलताना पूर्ण वाक्य बोलतोय की दोन शब्दांवर थांबतोय, हे ती पाहते. श्वास मिनिटाला किती, हे मोजायला अख्खं मिनिट द्यावं लागतं. म्हणूनच घाईच्या वॉर्डात तो आकडा अंदाजाने लिहिला जातो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये बिघाड लवकर ओळखण्यासाठी ‘न्यूज’ ही गुणपद्धती आणली. तिच्यातही श्वासाच्या गतीला मानाचं स्थान आहे.

आता फिरती नर्स. तिचा उगम सांगताना अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहराच्या मार्डी ग्रा उत्सवाचं नाव हमखास घेतलं जातं. १९७८ च्या सुमारास या उत्सवाच्या गर्दीत रुग्णालयांवर ताण यायचा, तेवढ्यापुरत्या बाहेरून नर्स आणल्या जायच्या आणि त्यातून पुढे हा व्यवसाय उभा राहिला. पांढुर्ण्याच्या माणसाला हे सहज पटेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड सुटतात आणि दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. त्या एका दिवसासाठी प्रशासन काठावर तात्पुरती उपचार केंद्रं उघडतं, डॉक्टर, नर्स आणि रुग्णवाहिका आणून ठेवतं. डोकं फुटलेल्यांना तिथेच टाके पडतात, गंभीर असतील त्यांना नागपूरला हलवलं जातं. गर्दीच्या दिवशी मनुष्यबळ दुसरीकडून आणायचं, ही कल्पना इथे परकी नाही. अमेरिकेत ती एका दिवसावर न थांबता वर्षभर चालणारी व्यवस्था झाली, एवढाच फरक.

त्या व्यवस्थेचे नियम ठरलेले आहेत. करार बहुधा तेरा आठवड्यांचा. एखादी कायम नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेली किंवा हिवाळ्यात न्यूमोनियाचे पेशंट वाढले, तर तेवढ्या काळाची पोकळी भरून निघते. आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन ड्युट्या, म्हणजे छत्तीस तास. पगाराचे दोन भाग असतात: तासाच्या दराने मिळणारा करपात्र पगार आणि राहण्या-जेवणाचा भत्ता. भत्त्यावर कर लागत नाही, पण त्यासाठी नर्सचं स्वतःचं कायमचं घर दुसरीकडे असावं लागतं आणि त्याचा खर्चही ती उचलत असावी लागते. घर सोडून नुसतीच फिरणारी नर्स या सवलतीला मुकते. अनेक नवख्या नर्सना हे पहिल्या वर्षीच्या कराच्या हिशोबात कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. करारात आणखी एक अट असते. पेशंट कमी झाले तर रुग्णालय करार मध्येच तोडू शकतं. घर भाड्याने घेतलेलं, सामान हलवलेलं, आणि दोन आठवड्यांत काम संपलं, हे या व्यवसायात घडतं.

पहिली ड्युटी साधारण अशी जाते. सकाळी पावणेसातला रात्रपाळीची नर्स खाटेजवळ उभी राहून ओव्हर देते. कोणाचं काय चालू आहे, कोणती ड्रिप किती वेगाने, सकाळी कोणती तपासणी, हे सगळं त्यात येतं. फिरत्या नर्सला इथे औषधांचं कपाट कुठल्या संकेताने उघडतं ते माहीत नसतं, नोंदींचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, डॉक्टरांचे चेहरे अनोळखी असतात. कायम नर्सला नव्या जागी कित्येक आठवडे शिकवलं जातं. फिरतीला बहुतेक ठिकाणी एक-दोन ड्युट्या मिळतात, त्यापुढे तिच्याकडे पूर्ण पेशंट. म्हणून अनुभवी फिरती नर्स आधी आजाराविषयी विचारत नाही, नियम विचारते. या युनिटमध्ये ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या डिल्टियाझेमची ड्रिप नर्सला वाढवता येते का? नायट्रोग्लिसरीन किती डोसपर्यंत इथे चालतं आणि कुठल्या आकड्याला पेशंट आयसीयूत जातो? इन्सुलिनची ड्रिप इथे घेतात का? बिघाड झाला तर धावून येणाऱ्या पथकाला कुठल्या नंबरवर बोलवायचं? उत्तरं रुग्णालयागणिक बदलतात. शेजारच्या दोन शहरांतल्या दोन पीसीयूंतही ती सारखी नसतात. शिवाय एखाद्या वॉर्डात नर्स कमी पडल्या की तिथे आधी फिरतीलाच पाठवतात. हृदयाच्या वॉर्डासाठी आलेली नर्स कधी दिवसभर हाडांच्या वॉर्डात राबते.

कोरोनाच्या महामारीत हा व्यवसाय सगळ्या जगाला दिसला. २०२० आणि २०२१ मध्ये काही करारांत आठवड्याला ५,००० डॉलरच्या वर मोबदला गेला. कायम नर्सचं मन विटलं, कारण शेजारच्या खाटेवर तेच काम करणारी पाहुणी तिच्या दुप्पट कमावत होती. अनेकींनी नोकरी सोडून फिरतीचं काम धरलं, त्यांच्या जागा पुन्हा फिरत्या नर्सनी भराव्या लागल्या आणि खर्च आणखी वाढला. लाट ओसरल्यावर दर उतरले. त्या काळात एक आरोप सतत व्हायचा: परकी नर्स, घाईत आलेली, पेशंटची हेळसांड होत असणार. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न महामारीच्या आधीच, २०१३ मध्ये, तपासला होता. बाहेरच्या नर्स जास्त वापरणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू जास्त दिसतात खरे, पण तिथली कामाची परिस्थिती हिशोबात धरली की हा संबंध उरत नाही. ज्या रुग्णालयांत मनुष्यबळ अपुरं आणि व्यवस्था ढिली, तिथेच बाहेरच्या नर्सची गरज जास्त पडते. दोष त्यांच्या येण्यात शोधणं म्हणजे आजार सोडून औषधाला बोल लावणं.

एकन यांचा त्याआधीचा, २००२ चा अभ्यास अधिक प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. नर्सवर सरासरी एक पेशंट वाढला, की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती. कॅलिफोर्नियाने ही गोष्ट त्याआधीच गांभीर्याने घेतली होती. १९९९ मध्ये कायदा झाला, २००४ पासून तो लागू झाला आणि २००८ पासून स्टेप-डाउनमध्ये एका नर्सकडे तीनपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. टेलिमेट्रीच्या वॉर्डात चार, आयसीयूत दोन. भारतातही निकष आहेत. इंडियन नर्सिंग कौन्सिल आयसीयूत एका पेशंटला एक नर्स आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटना एक नर्स सांगते. सरकारी रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या कोणत्याही सिस्टरला विचारा, कागद आणि वॉर्ड यांच्यात किती अंतर आहे ते ती सांगेल. ते अंतर कायद्याने भरून काढायचं ठरवलं, म्हणून कॅलिफोर्नियाचं महत्त्व.

आपल्याकडे फिरत्या नर्सचं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईत घडलं. मे २०२० मध्ये मुंबईत कोरोनाचे पेशंट मावेनात, तेव्हा महाराष्ट्राने केरळला पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या. पत्र केरळच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांना होतं, लिहिणारे महाराष्ट्राचे तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण संचालक डॉ. तात्याराव लहाने. नर्सना महिना ३०,००० रुपये आणि राहण्या-जेवणाची सोय, असा प्रस्ताव होता. जूनमध्ये तिरुअनंतपुरमच्या मेडिकल कॉलेजचे डॉ. संतोष कुमार यांच्याबरोबर एक तुकडी अंधेरीच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात दाखल झाली. संकटाच्या वेळी भारतातही नर्स एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन अतिदक्षतेचं काम करू शकतात, हे तेव्हा सिद्ध झालं. संकट सरलं आणि ती वाट तिथेच थांबली.

थांबण्याचं एक कारण नर्स झालेल्या लोधीखेड्यातल्या मुलीला चांगलंच माहीत आहे. नर्सची नोंदणी राज्याची असते. मध्य प्रदेशात शिकली तर तिचं नाव भोपाळच्या नोंदणी परिषदेत, आणि नोकरी मिळणार नागपुरात, म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या हद्दीत. मग भोपाळचं ना-हरकत पत्र, मुंबईची नवी नोंदणी, पडताळणीची वाट. बसने दोन तासांच्या अंतरावर काम करायला दोन राजधान्यांशी पत्रव्यवहार. अमेरिकेतही नर्सचा परवाना राज्यांचाच असतो. पण २००० पासून काही राज्यांनी आपसात करार केला, २०१८ मध्ये त्याचं नवं रूप आलं आणि आज चाळीसहून अधिक राज्यांत एकाच परवान्यावर नर्सला काम करता येतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क अजून त्यात नाहीत. आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. त्यात सबंध देशाच्या ऑनलाइन नोंदवहीची तरतूद आहे. सीमेवरच्या तालुक्यांना या तरतुदीची जितकी गरज आहे, तितकी मुंबई-पुण्याला नसेल.

त्याच्या आधीचा टप्पा शिक्षणाचा, आणि तिथे मध्य प्रदेशातल्या मुलींवर मोठा अन्याय झाला. नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेतल्या गैरव्यवहाराची चौकशी उच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवली. इमारत, रुग्णालय, शिक्षक काहीच धड नसलेली कॉलेजं त्यात उघडकीला आली. मे २०२४ मध्ये कॉलेजांना अनुकूल अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने आपल्याच अधिकाऱ्यांना अटक केली. दरम्यान हजारो विद्यार्थिनींच्या परीक्षा रखडल्या. फी भरणाऱ्या घरांतली बरीच घरं शेतकऱ्यांची आणि मजुरांची. पीसीयूत लागणारी नजर पुस्तकाने येत नाही, ती खऱ्या खाटेजवळ, चांगल्या इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली येते. ज्या कॉलेजला रुग्णालयच नाही, तिथून ती कुठून येणार?

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना फिरतीच्या नोकरीचं चित्र अनेकदा अर्धंच दाखवलं जातं. भारतातून थेट कोणी ट्रॅव्हल नर्स होत नाही. आधी इंग्रजीची परीक्षा, मग एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा, कागदपत्रांची तपासणी, मग व्हिसाची रांग, जी कधी वर्षानुवर्षं हलत नाही. तिथे पोचल्यावरही सुरुवात बहुतेकदा एखाद्या कंपनीच्या दोन-तीन वर्षांच्या करारावर होते. तो मध्येच सोडला तर मोठी भरपाई मागणारी कलमं त्यात असू शकतात, म्हणून सही करण्याआधी करार जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. फिरतीच्या कामासाठी बहुतेक ठिकाणी त्याच प्रकारच्या वॉर्डातला किमान एक-दोन वर्षांचा ताजा अनुभव मागतात. नागपूरच्या चांगल्या एचडीयूत घालवलेली दोन वर्षं म्हणूनच वाया जात नाहीत. त्यांवरच पुढचं सगळं उभं राहतं.

मधला वॉर्ड जवळ नसण्याची किंमत या पट्ट्याने अलीकडेच फार वेदनेने मोजली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात आणि आसपास विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यातली बरीच नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत होती. औषधातल्या डायइथिलिन ग्लायकॉलने मूत्रपिंडं निकामी केली. साध्या तापानंतर मुलांची लघवी कमी झाली आणि मग बंदच झाली. दोष औषधाचा आणि ते बाजारात येऊ देणाऱ्या यंत्रणेचा, यात शंका नाही. पण अशा विषबाधेत प्रत्येक तास मोलाचा असतो, आणि लघवी मोजून लिहिणं हे पीसीयूतल्या नर्सचं रोजचं पहिलं काम आहे. आजारी मुलाने सहा तासांत लघवी केली नाही, हे जवळच्याच दवाखान्यात कोणीतरी मोजून, लिहून, घड्याळ पाहून सांगितलं, तर नागपूरची गाडी काही तास आधी निघू शकते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत हेल्थ इन्फ्रास्ट्रक्चर मिशनमध्ये पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ६०२ जिल्ह्यांत क्रिटिकल केअर ब्लॉक उभारायचं ठरलं. इमारती आणि मॉनिटर पैशाने येतात. सौंसर आणि पांढुर्णा मिळून झालेल्या छोट्या जिल्ह्यात खरा पेच आहे तो लय वाचणाऱ्या, ड्रिप सांभाळणाऱ्या नर्सचा. तो सोडवायला फिरतीचा करार हे चांगलं हत्यार आहे. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यांत प्रत्येकी चार-सहा मॉनिटरच्या खाटा ठेवाव्यात. नागपूरच्या एचडीयूत दोन वर्षं काढलेल्या नर्सना तीन-तीन महिन्यांच्या करारावर, राहायला खोली आणि नेहमीपेक्षा चढा पगार देऊन बोलवावं. गावच्या सिस्टर त्यांच्याबरोबर ड्युटी करतील आणि खाटेजवळच शिकतील. नोंदणीसाठी भोपाळ आणि मुंबईने निदान सीमेवरच्या जिल्ह्यांपुरती परस्परांची कागदपत्रं मान्य करावीत. गोटमारीच्या एका दिवसासाठी माणसं आणता येतात, तर हे तीन महिन्यांसाठीही जमण्यासारखं आहे.

तसं झालं तर अँजिओप्लास्टी नागपुरातच होईल, पण डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर लोधीखेड्याचा पेशंट लवकर सौंसरला परत येऊ शकेल. त्याच्या हृदयाची लय तिथल्या पडद्यावर दिसेल, पोटॅशियम तिथेच तपासलं जाईल, जांघ तिथलीच सिस्टर दाबून पाहील. काही बिघडलं तर नागपूरच्या डॉक्टरला फोनवर नुसतं “पेशंट बरा वाटत नाही” सांगण्याऐवजी नाडी, रक्तदाब, श्वास आणि लघवीचे आकडे सांगितले जातील. आणि त्याची बायको चार दिवस नागपूरच्या फुटपाथवर स्टोव्ह पेटवून बसण्याऐवजी संध्याकाळच्या बसने घरी जाऊन सकाळी डबा घेऊन येईल.